अर्धाच श्लोक : पळण्याचं एक वर्ष



गेले काही दिवस आपण गीतेचा सहावा अध्याय रोज एक श्लोक असा वाचतोय. काल ३४ वा श्लोक झाला. त्यात अर्जुनाने सरळ हात टेकले होते. मन फार चंचल आहे, दांडगं आहे, त्याला आवरायचं म्हणजे वारा मुठीत धरायचा, असं त्याचं म्हणणं. आज ३५ वा श्लोक, म्हणजे त्यावर भगवंतांनी दिलेलं उत्तर.

योगायोग असा की आज माझ्या पळण्यालाही एक वर्ष पूर्ण झालं. मागच्या वर्षी आषाढी झाल्यानंतरच्या आठवड्यात मी पहिल्यांदा बूट घालून पहाटे घराबाहेर पडले होते. म्हणून आज श्लोकाचं चिंतन आणि वर्षाचा हिशेब एकत्रच मांडते. हिशेबात एक मोठी चूक आहे, तीही सांगते. ती सांगितल्याशिवाय हा श्लोक मला कळला असं म्हणता यायचं नाही.

आधी श्लोक बघू. भगवंत अर्जुनाला रागवत नाहीत. "एवढा मोठा धनुर्धर, आणि मन आवरत नाही?" असं काही ते म्हणत नाहीत. उलट आधी त्याचं म्हणणं मान्य करतात. मन आवरायला अवघड आहे, यात शंकाच नाही. आणि मग दोन शब्द देतात. अभ्यास आणि वैराग्य. या दोघांच्या जोरावर मन हाताशी येतं.

दोन शब्द. हे लक्षात ठेवा, कारण वर्षभर मी त्यातला एकच धरून बसले होते.

एक मिनिट

मी पळायला का लागले, तर त्यात अध्यात्म वगैरे काही नव्हतं. ऑफिसच्या आरोग्य तपासणीत साखर काठावर निघाली. त्याच आठवड्यात आमच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली आणि चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत मला दोनदा थांबावं लागलं. वय एकतीस. लाज वाटली, एवढंच.

पहिल्या दिवशी कोथरूडमधल्या आमच्या कॉलनीच्या रस्त्यावर मी पळायला सुरुवात केली आणि दुसऱ्या लाइटच्या खांबापाशी थांबले. घसा कोरडा, पोटात कळ. मोबाइलमधलं ॲप सांगत होतं की एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला, परत एक मिनिट पळा. मला वाटलं, एक मिनिटाने काय होणार आहे?

त्या दिवशी घरी येऊन ज्ञानेश्वरी उघडली. तेव्हा माझा बारावा अध्याय चालू होता. भगवंत तिथे अर्जुनाला एकेक पायरी खाली उतरून देतात. मन आणि बुद्धी सगळी मला दे. ते जमत नाही? मग अभ्यास कर. माउलींनी हे जे उलगडलंय ना, ते वाचून मी थबकलेच. सगळं चित्त देता येत नसेल तर दिवसाच्या आठ प्रहरांतला एक क्षण तरी देत जा, असं ते सांगतात. फक्त एक निमिष! आणि मग काय होतं ते दाखवायला त्यांनी शरद ऋतूतल्या नदीचा दाखला दिलाय. पावसाळा सरला की नदीचं पाणी जसं हळूहळू ओसरतं, तसं मन संसारातून ओसरत जातं. पौर्णिमेनंतर चंद्र रोज थोडा थोडा कमी होतो आणि अवसेला दिसेनासा होतो, तसं. कुठल्याही एका रात्री बघितलं तर फरक कळत नाही.

पुढे माउली अभ्यासाचं सामर्थ्य सांगतात तेव्हा तर वाचणाऱ्याचा ऊर भरून येतो. अभ्यासाने कुणी अंतराळात चालतं, कुणी वाघ-साप माणसाळवतं, विषसुद्धा अंगी पचतं, समुद्रावरून पायवाट होते. अभ्यासाला अवघड असं काहीच नाही.

मग माझं एक मिनिट मला लहान वाटेना. रोज देत गेले. एकाची दोन झाली, दोनाची पाच. दसऱ्याच्या सुमाराला मी न थांबता अर्धा तास पळाले. त्या दिवशी म्हातोबा टेकडीच्या पायथ्याशी मी एकटीच उभी राहून रडले. आयुष्यात कुठल्याच खेळात मी कधी नव्हते. शाळेत पीटीच्या तासाला पोट दुखतंय म्हणून वर्गात बसणारी मुलगी होते मी.

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. पतंजलींनी योगसूत्रांत अभ्यास पक्का कशाने होतो ते सांगितलंय. तो दीर्घकाळ हवा, मध्ये खंड नको, आणि आदराने हवा. दीर्घकाळ आणि अखंड हे दोन मला जमत होते. तिसरा कधी निसटला, ते मात्र कळलं नाही.

गोडी कशाची?

आजच्या श्लोकावर ज्ञानेश्वरीत एक फार मार्मिक गोष्ट आहे. माउली म्हणतात, या मनाची एक खोड चांगली आहे. जिथे एकदा गोडी मिळाली तिथे ते परत परत जातं, त्याची त्याला सवय लागते. म्हणून त्याला कौतुकाने आत्मसुखाची चव दाखवत जावी. म्हणजे मनाशी मारामारी करायची गरज नाही. लहान मुलाला गोड खाऊ दाखवून जवळ बोलवावं तसं बोलवायचं.

किती सोपं! पण याच खोडीची दुसरी बाजू मी अनुभवली. मनाला गोडी लागते हे खरं, पण कशाची, ते आपण बघायला हवं.

मला गोडी लागली आकड्याची. किलोमीटरला किती मिनिटं लागली, आठवड्यात किती किलोमीटर झाले, महिन्यात किती. घरी आल्यावर पाणी पिण्याआधी मी मोबाइल बघायचे. डिसेंबरात एका शर्यतीत दहा किलोमीटर एक तास चार मिनिटांत पूर्ण केले. गळ्यात पदक घालून काढलेला फोटो मी चार ठिकाणी टाकला आणि दिवसभर तो कुणी कुणी बघितला ते मोजत बसले. लगेच ठरवलं, पुढच्या हंगामात हाफ मॅरेथॉन. २१.०९७५ किलोमीटर. हा आकडा मला हरिपाठापेक्षा जास्त पाठ झाला होता.

हरिपाठावरून आठवलं. पळायच्या आधी मी रोज सकाळी हरिपाठ म्हणायचे. पंचवीस मिनिटं लागायची. ऑक्टोबरात तो रात्रीवर गेला. नोव्हेंबरात रविवारवर गेला. आणि जानेवारीत मी एका मैत्रिणीला अगदी शांतपणे म्हणाले, "अगं, पळणं हेच माझं ध्यान आहे आता."

हे वाक्य तुमच्यापैकीही काही जण म्हणत असतील. जिमबद्दल, ट्रेकबद्दल, योगासनांबद्दल. ते खोटं असतंच असं नाही. पण माझ्या बाबतीत ते खोटं होतं. कारण ध्यानात माणूस स्वतःला थोडं विसरतो. मी तर दर किलोमीटरला मनगटावरच्या घड्याळाकडे बघून स्वतःला मोजत होते.

"उद्या मी येऊ का गं?"

आता ती चूक.

माझ्या बाबांची तीन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी त्यांना रोज अर्धा तास चालायला सांगितलंय. ते नेमाने चालायचेही. मी पहाटे पळायला निघायचे तेव्हा ते बऱ्याचदा खाली सोसायटीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारत असायचे. मी कानात इअरफोन घालून, हात हलवून, त्यांच्या शेजारून निघून जायचे. मनात म्हणायचे, वा, बाबापण फिट आहेत.

जानेवारीतल्या एका रात्री जेवताना ते म्हणाले, "उद्या मी येऊ का गं तुझ्याबरोबर? टेकडीपर्यंत."

मी ताटातून वर न बघता म्हणाले, "बाबा, उद्या माझा लांबचा रन आहे. तुमच्याबरोबर आले तर माझा पेस बिघडेल. पुढच्या आठवड्यात जाऊ ना."

ते म्हणाले, "बरं."

पुढच्या आठवड्यात मी विचारलं नाही. त्यांनीही परत विचारलं नाही. ते "बरं" मी विसरूनही गेले.

मार्चमध्ये माझ्या उजव्या नडगीत दुखायला लागलं. आधी पळून झाल्यावर, मग पळताना, मग जिना उतरतानाही. मी आठ दिवस बर्फ लावून, दात-ओठ खाऊन पळत राहिले, कारण महिन्याचा आकडा अपुरा राहिला असता. शेवटी हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी एक्स-रे बघितला, नडगी दाबून बघितली आणि विचारलं, "अंतर किती वेगाने वाढवलंत?"

मी सांगितलं. ते म्हणाले ते मी जसंच्या तसं डायरीत लिहून ठेवलंय. दम लवकर वाढतो. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत तयार होतात, त्यामुळे माणसाला वाटतं, आपल्याला अजून जमेल. पण हाडं आणि स्नायूबंध सावकाश तयार होतात, त्यांना महिने लागतात. हाड मजबूत होतं ते धक्क्याने, हे खरं. पण त्या धक्क्यानंतर विश्रांती मिळाली तरच. विश्रांतीशिवायचा धक्का हाडाला आतून झिजवतो. सहा आठवडे पळणं बंद. दुखत नसेल तेवढं चालायला हरकत नाही.

घरी येताना रिक्षात मला पहिल्यांदा जाणवलं की साधनेतही माझं हेच झालंय. उत्साहाचा दम लवकर भरला होता. आतलं हाड तयारच झालं नव्हतं. सहाव्या अध्यायातच आधी १७ व्या श्लोकात भगवंत सांगून गेलेत की आहार, विहार, कर्म, झोप, जागणं, सगळं बेताचं असेल त्याचाच योग दुःख दूर करतो. तो श्लोक आपण सगळे जेवणाबद्दलच सांगत असतो. विहारही त्यातच आहे, हे माझ्या नडगीने मला शिकवलं.

पार्किंगमधल्या फेऱ्या

पळणं बंद झाल्यावर पहिले दहा दिवस मी घरात सगळ्यांवर चिडत होते. आईने चहात साखर जास्त घातली तरी चिडायचे. अर्जुनाचं ते दांडगं मन म्हणजे काय, ते घरच्यांनी डोळ्यांनी बघितलं. माझ्या ध्यानाची ही किंमत! दहा दिवस मिळालं नाही तर शेजारच्या माणसाला नीट उत्तर देता येत नाही, ते ध्यान कसलं? ते व्यसन होतं.

अकराव्या दिवशी पहाटे झोप येईना म्हणून खाली गेले. बाबा पार्किंगमध्ये फेऱ्या मारत होते. म्हटलं, "चला बाबा, टेकडीपर्यंत जाऊ."

त्यांचा चेहरा एकदम उजळला. मला वाटलं, सोबत मिळाली म्हणून.

पहिल्या दिवशी मी सारखी चार पावलं पुढे जायचे आणि थांबायचे. ते मध्येच दूधवाल्याशी बोलायचे. फुलवालीकडून तुळशीची जुडी घ्यायचे. एका घराच्या कुंपणावरचा अनंत वास घेऊन बघायचे. सव्वादोन किलोमीटरला पन्नास मिनिटं लागली. मी सवयीने मनात भागाकार केला आणि माझी मलाच लाज वाटली.

चौथ्या-पाचव्या दिवशी आम्ही टेकडीच्या चढावर बसलो होतो. मी सहज विचारलं, "बाबा, एवढी छान टेकडी आहे, तर तुम्ही पार्किंगमध्ये का फेऱ्या मारता हो?"

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तिथे वॉचमन असतो ना. छातीत जरा काही वाटलं तर निदान कुणीतरी बघेल. पहाटे अंधारात एकटं लांब जायची भीती वाटते मला अजून. तुझ्या आईला सांगू नकोस, ती काळजी करत बसेल."

मंडळी, मी काय ऐकलं ते मला कळायला दोन मिनिटं लागली. जानेवारीत जेवताना त्यांनी विचारलं होतं ते फिरायला येण्याबद्दल नव्हतंच. भीती वाटणाऱ्या माणसाने आपल्या मुलीला हाक मारली होती. आणि मी पेस सांगितला होता. रोज पहाटे मी त्या भीतीच्या शेजारून, कानात इअरफोन घालून, पळत गेले होते.

मी त्यांचा हात धरला. सॉरी म्हणाले. त्यांना कशाबद्दल तेही आठवत नव्हतं. म्हणाले, "अगं, तुझी तयारी चालली होती. बरोबरच होतं तुझं." त्याने तर जास्तच भरून आलं.

दुसरा शब्द

त्या रात्री मी आजचा हा श्लोक परत वाचला. अभ्यास आणि वैराग्य. वैराग्य हा शब्द आपल्याला घाबरवतो. भगवी वस्त्रं, हिमालय, घरदार सोडणं. एकतीस वर्षांच्या, हिंजवडीत नोकरी करणाऱ्या मुलीने वैराग्याचं काय करायचं, असं वाटून मी तो शब्द नेहमीच ओलांडून गेले होते. अभ्यास मला आवडायचा, कारण अभ्यासात मी वाढते. वैराग्यात काहीतरी सुटतं.

पण मला त्या जानेवारीत किती वैराग्य लागणार होतं? फक्त एका सकाळचा पेस सोडण्याएवढं. पन्नास मिनिटं. तेवढंही माझ्याजवळ नव्हतं. दहा किलोमीटर पळण्याची ताकद अभ्यासाने आली होती. हळू चालण्याची ताकद आली नव्हती, कारण ती अभ्यासाने येत नाही. ती हातातलं सोडता आलं तरच येते. बाराव्या अध्यायात ती पायऱ्यांची उतरंड सांगून झाल्यावर, १२ व्या श्लोकात, भगवंत अभ्यासापेक्षा ज्ञान, ज्ञानापेक्षा ध्यान आणि ध्यानापेक्षाही कर्मफळाचा त्याग वरचढ ठरवतात आणि त्या त्यागाच्या मागोमाग शांती येते म्हणतात. मला एक तास चार मिनिटांमध्ये शांती मिळाली नाही. त्या दिवशी रात्रीच मी एक तासाच्या आत कसं येईन याचा विचार करत होते.

अभ्यासाला वैराग्याची जोड नसेल तर अभ्यास अहंकाराला बळ देतो. वैराग्याला अभ्यासाची जोड नसेल तर ते आळसाचं गोड नाव होतं. भगवंतांनी दोन्ही एका श्लोकात का बांधले, ते मला नडगी दुखल्यावर कळलं.

धावा

यंदा वारीत एक ऐकलेली गोष्ट नव्याने भिडली. माउलींची पालखी पंढरपूरकडे जाताना वेळापूरजवळ एक उतार लागतो. तुकोबांना तिथून पंढरीच्या देवळाचा कळस दिसला आणि ते पळतच सुटले, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. त्या आठवणीत आजही दिंड्या तो उतार पळत उतरतात. डोक्यावर तुळस घेतलेल्या आज्या पळतात, पखवाजवाले पळतात, पताका घेतलेले पळतात. त्याला म्हणतात धावा.

आपल्या भाषेत हा शब्द किती सुंदर आहे बघा. संकटात देवाला हाक मारतो, त्यालाही आपण धावाच म्हणतो. आणि तो धावा ऐकून देव काय करतो? धावून येतो. मगरीने गजेंद्राचा पाय धरला तेव्हा देव गरुडाचीही वाट न बघता कसा पळत सुटला, हे कीर्तनकार किती रंगवून सांगतात! भक्त कळस दिसला म्हणून देवाकडे धावतो आणि देव हाक ऐकून भक्ताकडे धावतो. दोघंही कुणाकडे तरी धावतात.

मी वर्षभर कुणाकडे धावत होते? त्या घड्याळातल्या आकड्याकडे. आणि ज्या दिवशी माझ्या घरातून धावा झाला, त्या दिवशी मी उलट्या दिशेने पळाले.

यंदा पालखी पुण्यात मुक्कामाला होती. बाबांच्या डॉक्टरांना विचारून, ती पुण्यातून निघाली त्या पहाटे आम्ही दोघं सोलापूर रस्त्याला गेलो. पूलगेटपासून भैरोबा नाल्यापर्यंत, जेमतेम दोन-अडीच किलोमीटर, पालखीबरोबर चाललो. गर्दीत हळूच चालावं लागतं. तिथे कुणाचा पेस नसतो. पुढच्या दिंडीचं पाऊल पडलं की मागच्याने टाकायचं. दिवे घाटाकडे जाणाऱ्या माणसांना नमस्कार करून आम्ही परत फिरलो. बाबा म्हणाले, "पुढच्या वर्षी हडपसरपर्यंत." मी म्हटलं, "बघू, तुमच्या हाडांना विचारू." दोघंही हसलो.

आता काय?

मी परत पळतेय. मे महिन्यापासून. एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, अशी अगदी पहिल्यापासून सुरुवात केली. सुरुवातीला अपमान वाटला. मग दुसऱ्या अध्यायातला ४० वा श्लोक आठवला की या मार्गावर सुरू केलेलं काहीही वाया जात नाही. खरंच, या वेळी आठच आठवड्यांत अर्धा तास झाला.

कुणी विचारेल, मग आकडे मोजणं वाईट का? नाही. जपमाळेतही आपण १०८ मोजतोच. पण माळेत एक मेरुमणी असतो. तिथे पोचलं की तो ओलांडायचा नाही, माळ फिरवून परत मागे यायचं. मोजणी मनाला जागेवर ठेवण्यासाठी आहे, मिरवण्यासाठी नाही, हे तो मणी दर फेरीला आठवण करून देतो. माझ्या पळण्यात तो मेरुमणी नव्हता. आता मी तीन ठेवलेत. तुम्हाला उपयोग झाला तर बघा.

पहिला, हरिपाठ आधी, बूट नंतर. उशीर झाला तर पळणं कमी करायचं, हरिपाठ नाही.

दुसरा, आठवड्यातून एक दिवस घड्याळ घरी ठेवून पळायचं. पहिल्या दिवशी मी मोकळ्या मनगटाकडे किती वेळा बघितलं, ते सांगायला लाज वाटते. पण २६ व्या श्लोकात हेच तर सांगितलंय. मन जिथे जिथे भरकटेल, तिथून तिथून त्याला परत आणायचं. कितीदा भरकटलं हे तिथे कुणी मोजत नाही.

तिसरा, रविवार बाबांचा. त्या दिवशी वेग त्यांचा, रस्ता त्यांचा, दूधवाल्याशी गप्पा त्यांच्या. आणि पार्किंगमध्ये फेऱ्या बंद. बाकीच्या दिवशी माझं पळून झालं की मी त्यांना टेकडीच्या पायथ्यापर्यंत घेऊन जाते. आईलाही आता सगळं माहीत आहे. ती काळजी करते, पण रविवारी स्वतःच बूट घालून आमच्याबरोबर येते.

हाफ मॅरेथॉन अजून मनात आहे. खोटं कशाला बोलू? जमली तर पळेन. पण आज वर्षाचा हिशेब मांडताना माझ्या हाताशी आलेली सगळ्यात मोठी कमाई दहा किलोमीटर नाही. सव्वादोन किलोमीटर पन्नास मिनिटांत चालता येणं, ही आहे.

आजचा संकल्प छोटा आहे. तुम्ही जे काही नेमाने करताय, पळणं असो, जप असो, अभ्यासक्रम असो, नोकरी असो, त्यात या आठवड्यात एक गोष्ट कुणासाठी तरी सोडून बघा. एक दिवस, एक तास, एक आकडा. आणि घरात कुणी जेवताना सहज काही विचारलं तर ताटातून वर बघून उत्तर द्या. धावा दर वेळी मोठ्या आवाजात होत नाही.

पांडुरंगा, पाय दिलेस, दम दिलास. आता हाक ऐकू येईल एवढा कान दे. आणि हाक आली की हातातलं टाकून धावता येईल एवढं वैराग्य दे.

उद्या ३६ वा श्लोक. भेटूच.

राम कृष्ण हरी!